ड्रॉवरमध्ये राहिलेलं सर्क्युलर

बोरिवलीच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या १९८८ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागल्या आणि यंदा ३१ मे रोजी फोर्टमधल्या शाखेतून स्पेशल असिस्टंट म्हणून निवृत्त झाल्या. कागदावरची जन्मतारीख १ जून १९६६. खरा जन्म आजोळी, त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. मुलगा, सून आणि मुलगी मिळून श्रावणात त्यांच्या साठीचा समारंभ करणार आहेत. सकाळी शांत, मग साठ दिव्यांनी औक्षण, जेवण आणि शेवटी 'आईचे दोन शब्द'. विषयही मुलाने देऊन ठेवला आहे: साठ वर्षांनी मला काय शिकवलं. ताई वही घेऊन बसल्या. जे लिहिलं ते खोटं वाटलं म्हणून फाडलं, आणि जे खरं होतं ते लिहायला हात धजेना.

ते खरं असं. अधिकारीपदाची बढती त्यांच्याकडे तीनदा आली. १९९७ मध्ये लेखी आणि मुलाखत दोन्ही पार पडून ऑर्डरही निघाली, पोस्टिंग मराठवाड्यात. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी एक वर्षाची, नकार कळवला. २००४ मध्ये लेखी पास झाल्या, त्याच सुमारास सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. मुलाखतीला गेल्या नाहीत. २०१२ मध्ये सर्क्युलर आलं, ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिलं (कंसात लिहिलंय, 'हे मी घरी कुणाला बोलले नाही'). घरात मात्र 'आईने आपल्यासाठी प्रमोशन सोडलं' ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. समारंभाच्या व्हिडिओतही ती येणार आहे. आता सुनेला तिच्या खासगी कंपनीत बढती मिळते आहे, दोन वर्षं हैदराबादला जाऊन. नात चार वर्षांची. सून नाही म्हणायच्या बेतात आहे. परवा जेवताना म्हणाली, "आईंनीही तेच केलं ना, आणि बघा किती समाधानी आहेत." ताई विचारतात, मी चुकले हे साठीला सगळ्यांसमोर सांगून टाकू, की चार गोड वाक्यं बोलून वेळ मारून नेऊ?

प्रिय ताई,

आधी तारखेचं बोलू. १ जूनला जन्मलेली माणसं आपल्या पिढीत जिकडेतिकडे सापडतात. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाचं वय नियमात बसवायचं असायचं, गावात जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा. मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. ३१ मेला महाराष्ट्रभरच्या कचेऱ्यांत निरोपसमारंभांची झुंबड उडते ती त्यामुळेच. तुमच्या नोकरीचे तीन महिने मास्तरांनी खाल्ले, एवढाच त्याचा हिशेब.

पण ज्या आकड्याची तारीखसुद्धा अंदाजपंचे लिहिलेली आहे, त्या आकड्याला आपण किती घाबरायचं? १ जूनच्या सकाळी तुम्हाला काही साक्षात्कार झाला नाही, तसा तो नारळी पौर्णिमेलाही होणार नाही. साठी मानतात त्याला कारण पंचांगाचं आहे. संवत्सरं साठ, आणि साठ वर्षांनी जन्माचं संवत्सर फिरून येतं. तुमचं पराभव संवत्सर यंदा गुढीपाडव्याला परत आलं (नावावर जाऊ नका). या वेळी करतात ती उग्ररथ शांत आयुष्य आणि आरोग्य मागण्यासाठी असते. जिची शांत आहे तिने जमलेल्या मंडळींना शहाणपण वाटावं, असं त्या विधीत कुठे नाही. भाषण आलं ते हॉल आणि माइक आल्यावर. तेव्हा बोलायचं नसेल तर बोलू नका. गुरुजींची दक्षिणा, केटररचे पैसे आणि आहेराची पाकिटं यांच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तुमच्या पत्रात भाषणाचा प्रश्न पहिल्या ओळीत आहे म्हणून मोठा दिसतो. माझ्या मते खरा प्रश्न सून जेवताना जे बोलली त्यात आहे. ती तुमच्या आयुष्याचा दाखला देऊन स्वतःचा निर्णय घेते आहे, आणि तो दाखला बरोबर आहे की नाही हे घरात फक्त तुम्हाला माहीत आहे. मी काही बोलले नाही म्हणजे मी मध्ये पडले नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. तुम्ही गप्प राहिलात, भात वाढलात, आणि तुमची साक्ष नोंदली गेली.

आता 'मी चुकले' याबद्दल. तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या तीन गोष्टींची तुम्ही एकच मोळी बांधली आहे आणि गेली काही वर्षं ती डोक्यावर घेऊन फिरता आहात. ती सोडून बघू.

१९९७. तालुक्याच्या गावातली शाखा आणि कडेवर वर्षाची मुलगी. तिला बरोबर न्यायचं तर तिथे सांभाळणारं कुणी नाही. मुंबईत ठेवायचं तर ती अजून अंगावर पिणारी. घरी फोन करायचा तर एसटीडी बूथ, तोही रात्री अकरानंतर, कारण तेव्हा दर पाव व्हायचे आणि बूथबाहेर रांग लागायची. मोबाइल देशात १९९५ मध्ये आला होता खरा, पण येणाऱ्या कॉललासुद्धा पैसे पडायचे. क्लार्कच्या घरात तो शोभेलाही परवडला नसता. तेव्हा शनिवारीही अर्धा दिवस बँक असायची. म्हणजे शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी सकाळी मुलांचं तोंड पाहायचं आणि त्याच रात्री परतीची गाडी पकडायची. त्या वर्षी तुम्ही नाही म्हणालात याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आज तुम्ही फोनवर नातीचा चेहरा बघत बघत त्या वर्षाचा निकाल लावता आहात, तेव्हाच्या तुमच्यावर हा अन्याय आहे.

मात्र निर्णय बरोबर होता म्हणून तो कुणी घेतला हा प्रश्न संपत नाही. ऑर्डर तुमच्या नावाची होती, पण मुलं दोघांची होती. तुमच्या यजमानांनी वर्षभर तिकडे बदली मागावी, किंवा इकडे राहून त्यांनी घर सांभाळावं, असा विषय तरी निघाला होता का? तुमच्या चार पानी पत्रात ते जवळपास नाहीतच. एकदाच येतात, २६ जुलै २००५ च्या संदर्भात. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तो दिवस. तुम्ही शाखेतच अडकलात, टेबलं जोडून झोपलात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलात तर यजमानांनी खिचडी केलेली होती, सासूबाईंची औषधं वेळेवर दिली होती आणि मुलं पत्ते खेळत होती. तुम्ही हे गंमत म्हणून लिहिलंय, 'तेव्हा कळलं की ह्यांना कुकर लावता येतो.' ताई, ते एकच रात्रीचं होतं हे मला मान्य आहे. तरी 'माझ्यावाचून घर उभं राहिलं नसतं' हे गृहीतक त्या रात्री जरा तपासलं गेलं होतं, आणि तुम्ही ते विनोदावर नेऊन ठेवलंत.

२००४. इथे तुम्ही स्वतःला जास्तच बोल लावता आहात. मुलाखतीला जायला हरकत नव्हती, पुढचं पुढे बघता आलं असतं, असं तुम्ही लिहिता. कागदावर बरोबर आहे. पण खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस घरात असलं म्हणजे बेडपॅन, अंघोळ, फिजिओथेरपीवाल्याची वेळ, रात्री दोनला 'पाणी दे गं' ही हाक. त्यात अभ्यास करून, मुलाखतीची साडी नेसून निघणं वरून सोपं दिसतं. आधीच्या नकारानंतर काही वर्षं परीक्षेला बसता येत नव्हतं, म्हणजे ही संधी तुम्ही वाट पाहून मिळवली होती, याचं वाईट वाटणं स्वाभाविक आहे. त्याला पश्चात्ताप म्हणू नका. ती हळहळ आहे, आणि ती राहणारच.

२०१२. हे मात्र वेगळं आहे. मुलगा वीस वर्षांचा, मुलगी सोळाची, सासूबाई काठी घेऊन देवळापर्यंत जाऊ लागलेल्या. कुणी अडवलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. सर्क्युलर आलं, तुम्ही वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं, शेवटची तारीख उलटली. कारण तुम्ही लिहिलेलं नाही. भीती असेल. तरुण क्लार्कांच्या शेजारी बसून परीक्षा द्यायचा संकोच असेल. किंवा अगदी साधं असेल: ठरलेली शाखा, ठरलेली लोकल, डब्यातल्या मैत्रिणी, रात्री घरी पोचल्यावरचा आयता चहा. हे सगळं तुम्हाला आवडत होतं आणि सोडायचं नव्हतं. यातलं काहीही असो, त्यात कमीपणा नाही. पण ते मुलांसाठी नव्हतं आणि सासूबाईंसाठीही नव्हतं.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर त्या कंसात आहे असं मला वाटतं. कारण तो वाचला की घरातली 'आईने आपल्यासाठी सोडलं' ही गोष्टही अर्धीच उरते, आणि तुमच्या मनातली 'घराने माझं प्रमोशन गिळलं' ही गोष्टही अर्धीच उरते. साठीला 'मी चुकले' असं जाहीर केलंत तर तेही असंच अर्धं असेल. शिवाय ते ऐकून मुलगा कानकोंडा होईल, मुलगी रडेल, सासूबाई शहाऐंशीव्या वर्षी समोरच्या खुर्चीत बसून 'म्हणजे माझ्यामुळेच' असं मनाला लावून घेतील, आणि सुनेला सगळ्या नातेवाइकांच्या देखत एक आदेश मिळाल्यासारखं होईल. हॉलमध्ये बोललेलं वाक्य दुरुस्त करता येत नाही. खोलीत बोललेलं करता येतं.

एक काम मात्र समारंभाआधी करा, कारण तुम्हाला ते सहज जमण्यासारखं आहे. आकडा काढा. अधिकारी झाला असता तर पेन्शन किती बसलं असतं? तुम्हाला मी काय सांगणार, पण इतर वाचकांसाठी म्हणून सांगते: बँकेत तेहतीस वर्षं भरली की शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मं मूळ पेन्शन मिळतं. तेव्हा दोन पदांच्या शेवटच्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग, एवढं तुमचं महिन्याचं नुकसान. त्यासमोर दर काही वर्षांनी होणाऱ्या बदल्या, दोन घरांचं भाडं, मुलांच्या बदललेल्या शाळा, हे मांडा. उत्तर काय येईल ते मी सांगत नाही. कदाचित नुकसान तुम्हाला वाटतं त्याहून मोठंही निघेल. पण मोजलेल्या नुकसानाशी माणूस जगू शकतं. न मोजलेलं रात्री वाढतं.

आता सूनबाई.

तिला सांगायचं का? हो, सांगायचं. पण 'मी गेले नाही आणि पस्तावले, म्हणून तू जा' हे नको. ती तुम्ही नाही, आणि हे १९९७ नाही. बऱ्याच गोष्टी तिला सोप्या आहेत. हैदराबाद विमानाने दीड तासावर आहे, मुदत दोनच वर्षांची आहे, नातीला रोज फोनवर बघता येईल, किंवा तिला घेऊन जाता येईल. चार वर्षांच्या मुलीची शाळा बदलणं दहावीतल्या मुलाइतकं अवघड नाही. एक गोष्ट मात्र तिला तुमच्यापेक्षा अवघड आहे, आणि ती घरात कुणी बोललेलं दिसत नाही. तुम्ही नकार दिलात तेव्हा तुमची नोकरी साठीपर्यंत पक्की होती आणि नंतर पेन्शन होतं. तुमच्या आजच्या समाधानात त्या पेन्शनचा मोठा वाटा आहे. सुनेच्या कंपनीत यातलं काहीच नाही. तिथे नाही म्हटलेल्या बाईला पुन्हा विचारतीलच असं नाही, आणि चाळिशीनंतर ती जागा राहील असंही नाही. ती तुमचं समाधान बघते आहे, त्याखालचा पाया तिला दिसत नाही. तो तुम्ही दाखवला पाहिजे. सांगायचं ते एवढंच.

आणि चिरंजीव कुठे आहेत? सून जाणार की नाही यावर ताटावर चर्चा झाली, सून बोलली, तुम्ही गप्प राहिलात, मुलगी काय म्हणाली तेही तुम्ही लिहिलंय. मुलगा काय म्हणाला ते पत्रात नाही. त्याला घरून काम करता येतं का? दोन वर्षं तो नातीला घेऊन तिकडे जाईल का? किंवा ती गेली तर नातीचा डबा, शाळेची बस, तापाच्या रात्री हे तो करेल का? आईच्या त्यागाचा व्हिडिओ जो मुलगा इतक्या हौसेने बनवतो आहे, त्याला हे विचारायला साठीइतकं चांगलं निमित्त नाही. १९९७ मध्ये तुमच्या घरात जो प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही, तोच हा आहे. या वेळी तो तुम्ही विचारू शकता, आणि आईने विचारलेला असल्यामुळे त्याला टाळताही येणार नाही.

एक सावधगिरी. तुम्ही सुनेला 'जा' म्हणालात की पुढच्याच श्वासात प्रश्न येईल, 'मग हिला कोण बघणार?' आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतील. तुम्ही नुकत्याच रिकाम्या झालेल्या आहात. म्हणून तिच्याशी बोलायच्या आधी स्वतःशी ठरवा की तुम्हाला काय द्यायचं आहे आणि काय नाही. शाळेतून आणणं जमेल, रात्री झोपवणं जमेल, पण आठवड्यातले दोन दिवस माझे, असं असेल तर तसं सांगा. अजिबात द्यायचं नसेल तर तेही सांगा. अडतीस वर्षं लोकलने उभ्याने गेलेल्या बाईला तो हक्क आहे. फक्त स्वतः काही उचलायचं नसताना दुसरीला मोठा सल्ला देऊ नका. आणि द्यायचं ठरवलंत तर आनंदाने द्या, नाहीतर तुमच्या सत्तरीला तुम्ही मला चौथ्या नकाराबद्दल पत्र लिहाल.

हे बोलणं कुठे करायचं? घरात नको. दोन बेडरूममध्ये तुम्ही सहा माणसं. तिथे भिंतीला कान असण्याची गरजच नाही, अख्खं कुटुंब भिंतीला टेकून बसलेलं असतं. रविवारी सकाळी सुनेला नॅशनल पार्कात चालायला घेऊन जा. पाऊस असला तर उत्तम, गर्दी कमी असते. चालताना एक बरं असतं, एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि सुरुवात निकालापासून करू नका. '९७ ची ऑर्डर कुणाच्या हातून आली, पोस्टिंगचं गाव वाचून काय वाटलं, नकाराचं पत्र कुठे बसून लिहिलं, तिथून सांगा. मग खुब्याचं ऑपरेशन. मग तो ड्रॉवर. साधारण असं:

"अगं, तू त्या दिवशी म्हणालीस ना मी समाधानी आहे, ते खरंय. पण त्यातलं थोडं पेन्शनमुळे आहे. आणि मी तीन वेळा नाही म्हटलं, तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. तिसऱ्या वेळचं मी इतकी वर्षं यांनासुद्धा सांगितलं नव्हतं."

यानंतर तिने 'मग मी काय करू' असं विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. तिला विचारा, हैदराबादचं ते काम तुला मनापासून करायचंय का? बढती मिळते म्हणून आवडणं आणि ते काम आवडणं यात फरक असतो. घर सोडवत नाही म्हणून ती नाही म्हणत असेल आणि ते तिला पूर्ण कळत असेल, तर नाही म्हणू दे. तुमची राहून गेलेली बदली तिच्याकडून पुरी करून घ्यायची नाहीये. तुम्हाला फक्त तुमच्या नावावर खपणारी चुकीची माहिती मागे घ्यायची आहे.

त्याच्याही आधी एक माणूस आहे. तुमचे यजमान. सून ड्रॉवरची गोष्ट कुणालाही न सांगता ठेवेल, अशी अपेक्षा करू नका. ती मुलाला सांगेल, मुलगा बाबांना विचारेल, आणि चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना तिसऱ्याकडून कळेल. तेव्हा त्यांना आधी सांगा. तयारी ठेवा की ते म्हणतील, "मी कधी नको म्हटलं होतं?" तुम्हाला राग येईल. पण कदाचित ते खरं असेल. त्या काळच्या कितीतरी घरांत 'नको' कुणी म्हटलेलं नसायचंच. 'जा' सुद्धा कुणी म्हटलेलं नसायचं. बायको ऑर्डर घेऊन घरी यायची, नवरा 'तू बघ काय ते' म्हणून पेपर उघडायचा, आणि तिने बघितलं की पुढे तिचाच निर्णय म्हणून तो तिच्या नावे जमा. त्या 'तू बघ' बद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आता म्हणा. भांडणासाठी नव्हे, पण साठीच्या पूजेला दोघांना शेजारी पाटावर बसायचं आहे, तेव्हा मधे हे एवढं मोठं गाठोडं कशाला. सासूबाईंना मात्र यात ओढू नका. त्यांनी पडायचं ठरवलं नव्हतं.

राहिलं भाषण. मुलाला आजच सांगा की व्हिडिओतलं ते वाक्य काढ. कारण विचारलं तर म्हणा, ते पूर्ण खरं नाही, तुला नंतर सांगते. ते वाक्य पडद्यावर आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की तुमच्यासाठी पुढचं सगळं बोलणं दुप्पट कठीण होईल.

आणि विषय बदला. साठ वर्षांनी काय शिकवलं याचं उत्तर बहुतेक माणसांकडे नसतं; जे बोलतात ते दिवाळी शुभेच्छांतून उचललेलं असतं. तुम्हाला नेमकं येतं ते सांगा. तुमच्याच पत्रात मोडक्या ओळीत ते आहे. मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या क्लोजिंगच्या रात्री. हाताने लिहिलेल्या लेजरचा जमाना. बॅलन्स टॅली होत नाही, दहा वाजून गेलेत, बोरिवलीची गाडी डोक्यात फिरतेय, आणि फरक येतोय नव्वदचा. तुम्ही लिहिता, 'मी आधी नवाने भागून बघायचे.' फरक नवाने भागला गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत असा संशय घ्यायचा, ४५० चे ५४० झालेत. मग सगळं लेजर न चाळता तेवढेच शोधायचे. हे हॉलमधल्या किती जणांना माहीत असेल? तुमच्या नातवंडांच्या पिढीला तर असं काही होतं हेही माहीत नाही. हे सांगा. किंवा १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हाचं सांगा. त्या गाडीत मटार कुणी सोलले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूच्या माळा कुणी बांधल्या, कुणाच्या डोहाळजेवणाला अख्ख्या डब्याने वर्गणी काढली, प्रमोशनची ऑर्डर आली त्या दिवशी शेजारची काय म्हणाली. डब्यातल्या दोघी-तिघींना समारंभाला बोलवा आणि त्यांनाच बोलायला लावा. पाच मिनिटांत लोक हसतील, दोघी रडतील आणि जेवण गरम असतानाच संपेल.

पन्नाशी, अठ्ठावन्न, साठीच्या आसपासची अशी पत्रं मला अधूनमधून येतात. पुरुषांचीही येतात, त्यात बढतीऐवजी 'मुंबईत घर तेव्हा घ्यायला हवं होतं' हे असतं. सगळ्यांनाच एक सुचवते. शिकलेल्या गोष्टींची यादी करायला बसू नका, वर्षं लिहायला बसा. एका पानावर एक वर्ष: त्या वर्षी पगार किती होता, घरात कोण कोण होतं, कुणाची तब्येत कशी होती, कुणी काय म्हटलं, आणि कुणी काहीच म्हटलं नाही. मग ते पान तेव्हा तिथे असलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. ते निदान दोन दुरुस्त्या सांगतील, आणि त्यातली एखादी तुमच्या बाजूची असेल. हे नको असेल तर त्या वेळात नॉमिनेशन सगळीकडे बरोबर आहे का ते तपासा, मृत्युपत्र केलं नसेल तर करा. तेही साठीला शोभणारंच काम आहे.

ताई, तुमच्यासाठी आणखी एक विचारायचं राहिलं. तुम्हाला काय हवं होतं, अधिकाऱ्याची खुर्ची की अधिकाऱ्याचं काम? खुर्ची गेली, त्याला इलाज नाही. पण कर्जाचा अर्ज बघून माणूस ओळखणं, ताळेबंद वाचणं, चार जणांकडून काम करून घेणं हे हवं होतं असेल, तर ते साठीला बंद होत नाही. तुमच्या सोसायटीत खजिनदार व्हायला कुणी तयार नाही, असं तुम्हीच मागच्या पानावर वैतागून लिहिलंय. ऑडिटरने तीन वर्षं तेच शेरे मारलेत म्हणे. त्या पदाला पगार नाही, शिव्या भरपूर आहेत. पण सही तुमची चालेल आणि बदली होणार नाही.

आता घाईचं काम. सुनेला कंपनीला उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे, ही तारीख तुमच्या पत्रात नाही. बहुधा तुम्हाला माहीत नाही. ती आज संध्याकाळी विचारा. नारळी पौर्णिमेच्या आधीची असेल, आणि कंपन्या इतके दिवस थांबत नाहीत म्हणून ती तशीच असणार, तर यजमानांशी बोलणं याच आठवड्यात आणि नॅशनल पार्क येत्या रविवारी.